कठीण नको, चिवट व्हा!

मागच्या वर्षीची गोष्ट. झोनल कबड्डीची सेमीफायनल. स्कोअर २७-२८, आम्ही एका गुणाने मागे. घड्याळात चाळीसेक सेकंद उरलेली आणि चढाई आमची. म्हणजे आमची शेवटचीच चढाई. समोर सातच्या सात जण उभे, म्हणजे बोनस उघडा. एक बोनस घेतला की बरोबरी, आणि मग पाच-पाच चढायांवर निकाल.

आमचा मेन रेडर (नाव लिहीत नाही, टीममध्ये त्याला सगळे 'पैलवान' म्हणतात, तेच इथेही चालेल) मध्यरेषेवर आला, मातीला हात लावला आणि आत गेला. त्या सीझनला बोनस मारण्यात त्याचा हात (खरं तर पाय!) धरणारा आमच्या झोनमध्ये कोणी नव्हता. आम्ही बाहेरून ओरडून घसा बसवून घेतलेला. पैलवान डावीकडे गेला, उजवीकडे आला, निदान रेषा ओलांडली, बोनस रेषेपर्यंत पोचला... आणि पाय उचललाच नाही. तीस सेकंद संपायच्या आत रिकाम्या हाताने परत आला. शिट्टी. मॅच खलास.

परतताना ट्रॅक्समध्ये कोणी एक अक्षर बोलत नव्हतं. शेवटी मीच बोललो. मी कॅप्टन होतो ना! म्हणालो, "पैलवान, ताकद आहे तुझ्यात, पण डोकं कच्चं आहे. प्रेशर आलं की तुझी फाटते." मागून दोघं-तिघं हसले. पैलवान खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढचे दहा दिवस तो ग्राउंडवर आला नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल. बरंच आहे, जरा लागू दे मनाला! अकराव्या दिवशी त्याचा रूम पार्टनर मेसमध्ये भेटला आणि म्हणाला, "अरे, त्याला गावी नेलंय. गुडघ्याचं लिगामेंट गेलंय. ऑपरेशन आहे." आणि मग त्यानेच सांगितलं की गुडघा सेमीफायनलला गेलेला नव्हता. तो त्याआधी तीन आठवड्यांपासून दुखत होता. पैलवान रात्री बर्फ लावायचा, सकाळी क्रेप बँडेज बांधून त्यावर ट्रॅकपँट चढवायचा, आणि रूम पार्टनरला त्याने शपथ घातली होती, "कॅप्टनला सांगू नकोस."

का सांगू नकोस? कारण सीझनच्या पहिल्याच दिवशी ह्या कॅप्टनने टीमला गोल उभं करून भाषण ठोकलं होतं: "ज्याला दुखतंय त्याने बेंचवर बसायचं. मला टफ पोरं पाहिजेत!"

त्याला बघायला हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "तू कॅप्टन ना रे त्यांचा? मग तुला कसं कळलं नाही?" मित्रहो, थर्ड इयरच्या वायवाला एक्स्टर्नलने मला भरपूर घाम फोडला होता. पण ह्या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराच्या दिशेने केलेली थोडी धडपड समजा.

तर प्रश्न असा: 'मेंटल टफनेस' म्हणजे नक्की काय?

आपल्या जिमखान्यात हा शब्द रोज ऐकू येतो. हरलो की "मेंटली कमी पडलो," जिंकलो की "मेंटली टफ होतो." पण आपण हा शब्द वापरतो तो 'कठीण' ह्या अर्थाने. म्हणजे काही झालं तरी चेहऱ्यावर रेष हलली नाही पाहिजे. दुखलं तरी सांगायचं नाही, भीती वाटली तरी कबूल करायचं नाही, हरलो तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पळायचं आणि हरल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. दगड व्हायचं!

आता आपण इंजिनिअरिंगवाले. सेकंड इयरला मटेरियल सायन्स सगळ्या मेकॅनिकलवाल्यांनी घासलंय (काहींनी दोनदा, मीही त्यातलाच). तिथे पहिल्याच महिन्यात सर सांगतात की हार्डनेस वेगळा आणि टफनेस वेगळा. हार्डनेस म्हणजे ओरखडा न पडणं. टफनेस म्हणजे तुटायच्या आधी किती ऊर्जा पोटात घालता येते ते. स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हखालचं क्षेत्रफळ! पेपरला दोन मार्कांना येतं. काच हार्ड असते, लोखंडी खिळ्याचा ओरखडा तिच्यावर सहज उठत नाही. पण हातातून फरशीवर पडली की संपली. हिरा तर सगळ्यात कठीण, पण हातोडीचा एक घाव नीट बसला तर त्याचेही तुकडे होतात. उलट आपलं साधं माइल्ड स्टील. वाकेल, ताणलं जाईल, घाव खाईल, पण पटकन तुटणार नाही.

मराठीत ह्यासाठी फार छान शब्द आहे, चिवट. आपण मात्र टफनेसच्या नावाखाली पोरांना चिवट करायचं सोडून कठीण करत बसलोय. आणि जे नुसतंच कठीण असतं ते ठिसूळही असतं. पैलवान तीन आठवडे काचेसारखा उभा होता. ओरखडा दिसत नव्हता, एवढंच.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. ग्रॅहम जोन्स, शेल्डन हँटन आणि डेक्लन कॉनॉटन ह्या तीन अभ्यासकांनी २००२ साली दहा आंतरराष्ट्रीय खेळाडूंना हाच प्रश्न विचारला होता, की मेंटल टफनेस म्हणजे काय? त्यातून जी व्याख्या निघाली तिच्यातले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे ही गोष्ट उपजत असेल किंवा *कमावलेली* असेल. म्हणजे "त्याच्यात ती चीजच नाही" हे आपलं लाडकं वाक्य बाद. दुसरं म्हणजे त्या खेळाडूंनी जे गुण सांगितले त्यात 'हरल्यावर पुन्हा उभं राहणं' तर होतंच, पण 'गरज असेल तेव्हा खेळ डोक्यातून बाजूला ठेवता येणं' हेसुद्धा होतं. म्हणजे चोवीस तास दात-ओठ खाऊन फिरणं हा टफनेस नव्हेच. स्विच ऑन करता आला पाहिजे आणि ऑफही!

इथे कोणीतरी हात वर करणार आणि म्हणणार, "मग कुंबळेचं काय?" अगदी बरोबर. मीसुद्धा त्या भाषणात कुंबळेचंच उदाहरण दिलं होतं. २००२ ची अँटिगा कसोटी. मर्विन डिलनचा चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा फ्रॅक्चर झाला. तरी डोक्याभोवती बँडेज गुंडाळून तो मैदानात उतरला, सलग १४ ओव्हर टाकल्या आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. शिवाय गडी आपल्याच जातकुळीतला, बंगलोरच्या आर. व्ही. कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर! अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे, आणि ती सांगायलाच हवी.

पण पूर्ण सांगायला हवी. कुंबळेने दुखणं लपवलं नव्हतं. ते पांढरं बँडेज अख्ख्या जगाला दिसत होतं. काय तुटलंय ते टीमला ठाऊक होतं आणि ऑपरेशनसाठी त्याने बंगलोरला परतायचं हेही ठरलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे हा निर्णय त्याचा स्वतःचा होता. बारा वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेल्या माणसाने सगळं माहीत असताना, डोळे उघडे ठेवून घेतलेला. सेकंड इयरच्या पोराने कॅप्टनला घाबरून ट्रॅकपँटखाली गुडघा लपवणं आणि हे, ह्या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. मी घातल्या. चूक माझी होती.

दुसरा एक गैरसमज म्हणजे टफ माणूस एकटा लढतो. आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पोरांना खाशाबा जाधवांबद्दल सांगायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मनाच्या ताकदीबद्दल कोणाच्या मनात शंका असायचं कारण नाही.

पण त्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. प्राचार्यांनी! (आमच्याकडे स्पर्धेच्या बसभाड्याचं व्हाउचर पास व्हायला दुसरी सेमिस्टर उजाडते. असो.) आणि त्याच हेलसिंकीत, जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमवून टाकणारी कुस्ती झाल्या झाल्या खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले.

ह्यातून मला दिसतं ते असं. ज्याच्या मागे कोणी उभं राहतं, त्याचं मन जास्त ओझं पेलतं. आणि कितीही कणखर माणूस असला तरी त्याच्या बाजूने 'ह्याला विश्रांती द्या' म्हणणारं कोणीतरी लागतं. त्या सेमीफायनलला ते म्हणायचं काम माझं होतं.

आता थोडं त्या शेवटच्या चढाईबद्दल. गुडघा दुखत होता हे खरंच, पण पैलवान नंतर मला म्हणाला, "गुडघ्याचं निम्मंच कारण रे. निम्मं डोकंच होतं. बोनस रेषेजवळ गेल्यावर मी विचार करायला लागलो, की आता उजवा पाय टेकवायचा, त्याच वेळी डावा उचलायचा, डाव्यावर जोर येणार, गुडघा धरेल का... एवढ्यात वेळ संपली."

हे वाचून तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आपली एखादी मॅच आठवली असेल. किंवा ओरल! प्रॅक्टिसला शंभर वेळा जमलेली गोष्ट नेमकी मॅचमध्ये का गडबडते? सियान बायलॉक ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ह्यावर बरंच काम केलंय, २०१० साली त्यांचं 'चोक' नावाचं पुस्तकही आलं. सोप्या भाषेत सांगायचं तर सरावाने जी हालचाल आपोआप व्हायला लागते, तिच्यावर दडपणाखाली आपण पुन्हा पहारा बसवतो. जिना उतरताना कोणता पाय कुठे पडतोय ह्याचा विचार करून बघा, नक्की अडखळाल. तसंच हे. म्हणजे दडपणाखाली चुकणारा माणूस बेफिकीर असतो असं नाही, बऱ्याचदा त्याला जरा *जास्तच* फिकीर असते. त्याला "कॉन्सन्ट्रेट कर, कॉन्सन्ट्रेट कर!" असं बाहेरून ओरडणं म्हणजे आगीत रॉकेल. आम्ही अकरा जण तेच ओरडत होतो.

मटेरियलवाल्यांना इथे आणखी एक आठवेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या काही लिबर्टी जहाजांना थंड समुद्रात अचानक तडे गेले. नेहमीच्या तापमानाला नीट वागणारं पोलाद थंडीत ठिसूळ झालं होतं. खेळाडूचंही असंच होतं. सकाळच्या प्रॅक्टिसला आपल्याच पोरांसमोर जो वाघ असतो, तो परक्या ग्राउंडवर, हूटिंगमध्ये, परक्या रेफ्रीसमोर गारठतो. म्हणून पारख आणि सराव दोन्ही त्या 'थंडीत' व्हायला हवेत. अभिनव बिंद्राचंच बघा. २००४ च्या अथेन्सला फायनलमध्ये तिसऱ्या नंबरने गेला आणि सातवा होऊन बाहेर आला. २००८ च्या बीजिंगआधी त्याने काय केलं? नेमबाजीचा तासन् तास सराव तर केलाच, पण जर्मनीत एका चाळीस फुटी खांबावर चढायचा सरावही केला. कशासाठी? तर भीती वाटत असतानाही शरीर कामाला लावायची सवय व्हावी म्हणून. अर्ध्यावर हातपाय लटपटले, तरी तो वर पोचला. बीजिंगचं गोल्ड आपल्याला माहीतच आहे. भीती न वाटणं हे त्यात कुठेच नाही. भीती वाटत असताना पुढचं पाऊल टाकायचं, आणि तेही आधी सराव करून, एवढंच आहे.

आता ठिसूळ आणि चिवट ह्यातला फरक दाखवणारं एक ताजं उदाहरण. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. पिस्तूल दुरुस्त होईपर्यंत मोलाची मिनिटं गेली, फायनल हुकली. एकोणीस वर्षांची पोरगी, देशभर टीका झाली. पुढचे काही महिने खेळाचा आनंदच गेला होता असं तिने नंतर स्वतः सांगितलंय. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजमधून तिने ह्याच काळात पदवी घेतली. ज्यांच्याशी बिनसलं होतं त्या कोच जसपाल राणांकडे ती २०२३ मध्ये परत गेली. आणि २०२४ च्या पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन ब्राँझ. ह्यात तीन वर्षं गेली हे विसरू नका. ती दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून 'टफ' झालेली नाही. वाकली, मध्ये वेळ घेतला, मदत घेतली आणि मग सरळ झाली.

आणि थांबणं? त्याला तर आपल्याकडे सरळ 'पळपुटेपणा' म्हणतात. त्याच टोकियोत सिमोन बाईल्सने टीम फायनलमधून माघार घेतली, कारण हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला समजेनासं झालं होतं. त्या उंचीवर हे झालं तर मान मोडू शकते. तेव्हा तिला भित्री म्हणणारे कमी नव्हते. २०२४ ला तिने तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर घेतलं. आपला विराट कोहली! रागीट, आक्रमक, टफनेसचा पोस्टर बॉय. २०२२ च्या आशिया कपच्या वेळी त्याने कबूल केलं की दहा वर्षांत पहिल्यांदाच आपण महिनाभर बॅटला हात लावला नाही, कारण काही काळ आपण जोश उसना आणत होतो हे लक्षात आलं. त्याच स्पर्धेत अफगाणिस्तानविरुद्ध त्याने शतक ठोकलं, जवळपास तीन वर्षांनी. आता कोहलीला कोणी कच्च्या डोक्याचा म्हणून दाखवा!

मला माहितीये, काही सीनियर्स हे वाचून म्हणतील, "झालं! आता पोरं सर्दी झाली तरी सुट्टी मागतील. आमच्या वेळी..." ह्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. लाड करून खेळाडू तयार होत नाही. पहाटे साडेपाचचं रनिंग, पावसातली प्रॅक्टिस, सरांची शिवी, हे सगळं लागतंच. पण पुन्हा आपल्या अभ्यासाकडे या. आमच्या गावचा लोहार विळा कसा करतो? लाल तापवतो, ठोकतो, मग पाण्यात बुडवतो. त्याला तो 'पाणी देणं' म्हणतो. त्याने पोलाद कडक होतं, पण फार कडक, म्हणजे ठिसूळ. तसाच विळा वापरायला दिला तर दगडावर बसताच पात्याचा तुकडा उडेल. म्हणून तो पुन्हा हलकं तापवतो आणि रंग बघून थांबतो. आपल्या पुस्तकात ह्यालाच टेम्परिंग म्हटलंय. कडकपणा थोडा कमी होतो, पण चिवटपणा येतो. ह्या दुसऱ्या तापवण्याला कोणी लोहाराचा 'लाड' म्हणत नाही. आपण मात्र पोरांना पाणी देऊन तिथेच सोडून देतो!

आणि इंजिनिअरिंगच्या खेळाडूवर घाव काही एकाच बाजूने पडत नाहीत. झोनलच्या तारखा आणि सबमिशनच्या तारखा ह्यांचं काय नातं आहे कोण जाणे, दरवर्षी एकाच आठवड्यात येतात. दिवसभर मॅच खेळून रात्री शीट पूर्ण करायची. अटेंडन्सला खेळाचे दिवस धरतात की नाही हे डिपार्टमेंटनुसार बदलतं. डिफॉल्टर लिस्टवर नाव लागलं की घरी पत्र जातं, आणि घरी आधीच वाक्य तयार असतं: "खेळून पोट भरणार आहे का?" हे सगळं डोक्यात घेऊन पोरगा शेवटच्या चढाईला जातो. त्याचं डोकं कच्चं म्हणायच्या आधी त्यावर लोड किती आहे हे कोणी मोजलंय का? कोणत्याही बीमचं डिझाइन करताना आपण आधी लोड काढतो. माणसाच्या बाबतीत थेट फेल्युअरचा रिपोर्ट!

नुसती टीका करून लेख संपवणं सोपं आहे. म्हणून ह्या वर्षी आम्ही टीममध्ये जे सुरू केलंय ते सांगतो. फार मोठं काही नाही, खर्च तर शून्य.

पहिलं, प्रॅक्टिसच्या सुरुवातीला गोल करून प्रत्येकाने एक ते दहामध्ये सांगायचं, शरीर किती आणि डोकं किती. "शरीर आठ, डोकं चार" असं. कारण विचारायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. कोणाचा आकडा सलग दोन दिवस पाचाखाली गेला तर कॅप्टनने त्याला बाजूला घेऊन चहा पाजायचा. पहिल्या आठवड्यात सगळे "दहा-दहा" म्हणत होते! मग मीच एक दिवस "सहा-तीन" म्हणालो (एम-थ्रीचा रिझल्ट लागला होता). त्यानंतर गाडी रुळावर आली.

दुसरं, दर शनिवारी 'एक गुण मागे' नावाचा खेळ. प्रत्येक रेडरने शेवटची चढाई करायची, बाकी सगळ्यांनी त्याला मनसोक्त हूट करायचं, मोबाइलवर स्पीकर लावून. हरला तर सगळ्यांसाठी वडापाव. पहिल्यांदा सगळ्यांचीच तंतरली. आता बरीच सवय झालीये.

तिसरं, चढाईच्या आधी प्रत्येकाचा एक ठरलेला क्रम. कोणी मातीला हात लावतो, कोणी दोन मोठे श्वास घेतो, कोणी मनात एकच शब्द म्हणतो. अंधश्रद्धा म्हणून नव्हे, तर डोक्याला पायांवर पहारा करायला वेळच मिळू नये म्हणून.

चौथं, दुखापत सांगणाऱ्याची जागा जाणार नाही. बरा होऊन आला की त्याला ट्रायल मिळणारच. हे आम्ही पीटी सरांकडून लिहून घेतलंय आणि जिमखान्याच्या बोर्डवर लावलंय. सर आधी हसले, पण सही केली.

कॉलेजकडे मागणं दोनच आहेत. टीमची यादी सबमिशनच्या आधी सगळ्या डिपार्टमेंटला पोचावी आणि खेळाडूला चार दिवसांची मुदत हक्काने मिळावी, प्रत्येक सरांच्या केबिनबाहेर ताटकळत नव्हे. आणि आठवड्यातून एक दिवस जिमखान्यात फिजिओथेरपिस्ट यावा. पैलवानचा गुडघा पहिल्या आठवड्यात कोणी जाणत्या माणसाने हातात धरून बघितला असता, तर कदाचित ही वेळच आली नसती.

आणि ज्यांचा आकडा चहाने वर येत नाही, रात्रभर झोप लागत नाही, सगळंच नकोसं वाटतंय, त्यांच्यासाठी: सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लिगामेंटला डॉक्टर लागतो तसा मनालाही कधी कधी लागतो. त्यात काही कमीपणा नाही.

पैलवानचं ऑपरेशन होऊन आता आठ महिने झाले. फिजिओने अजून चढाईला परवानगी दिलेली नाही, फक्त सरळ पळायची. पण रोज संध्याकाळी ग्राउंडवर येतो, बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि ज्युनियर रेडर्सच्या पायांकडे बघत असतो. गेल्या आठवड्यात त्याने एका फर्स्ट इयरच्या पोराला मध्येच थांबवलं. "इकडे ये. डावा पाय टेकवताना तोंड का वाकडं करतोस?" पोरगा आधी "काही नाही दादा" म्हणाला. पैलवानने आपली ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर ओढली आणि टाक्यांचा व्रण दाखवला. पोरगा खाली बसला आणि म्हणाला, "चार दिवस झाले दुखतंय."

त्या पोराला आम्ही दोन आठवडे विश्रांती दिलीये. परवाची फ्रेंडली मॅच त्याच्यामुळे आम्ही हरलो म्हणा हवं तर. मी पैलवानची माफी मागितली होती, हॉस्पिटलमध्येच. तो म्हणाला, "सोड रे, पुढच्या सीझनला बोनस मारून दाखवतो." मारेल, न मारेल. पण ह्या वेळी त्याचा गुडघा कसा आहे हे कॅप्टनला माहीत असेल.